दोन बोटं माया

डॉक्टर : ...म्हणजे आठ दिवसांत एक दाणाही नाही?

लेक : एकही नाही, डॉक्टर. वाटी पुढे ठेवली की वास घेतो, मग आमच्याकडे असा बघतो, जसं काही आम्ही त्याला विटा खायला घातल्यात. आणि जाऊन शिलाई मशीनखाली झोपतो.

मास्तर : अगदीच एकही नाही, असं नाही हं. परवा दोन खाल्ले.

लेक : बाबा, परवा दोन तुम्ही त्याच्या तोंडात कोंबलेत, आणि त्यानं ते चपलेत थुंकले. माझ्या चपलेत.

डॉक्टर : उलटी? जुलाब?

लेक : नाही.

डॉक्टर : पाणी पितो? खेळतो?

लेक : सगळं करतो. फक्त डॉग फूड दिसलं की संन्यास घेतो. तीन महिन्यांपूर्वी पाकिटाचा आवाज आला तरी नाचायचा.

डॉक्टर : ये रे ठिगळ्या. तोंड उघड. हं... दात ठणठणीत. हिरड्या गुलाबी. मास्तर, एक विचारू? हा पाठीवरचा काळा चौकोन पूर्वी एवढा मोठा होता का?

मास्तर : ठिगळ कधी वाढतं का डॉक्टर? मी त्याच्यावरूनच नाव ठेवलं. शिंप्याच्या घरी आलेलं कुत्रं, पाठीवर ठिगळ घेऊनच आलं.

डॉक्टर : कापड ताणलं की ठिगळही ताणतं, हे तुम्हाला मी सांगायचं? वजन करू. घ्या उचलून, नेहमीसारखं.

मास्तर : आज हिला घेऊ द्या. माझी कंबर धरलीय.

लेक : मी घेते. ये रे, ये माझ्या... आई गं! गुरगुरतोय बघा कसा.

डॉक्टर : राहू द्या, ताई. मास्तरांशिवाय कोणाच्या हाती लागत नाही तो. मागच्या वेळी माझं बोट धरलं होतं. आणि एकटा ठेवला तर काट्यावर दोन सेकंद ठरत नाही. मास्तर, दोन मिनिटांचं काम. आधी तुम्ही दोघं, मग तुम्ही एकटे. वजाबाकी केली की कुत्रा उरतो.

मास्तर : वजन कशाला पण? डोळ्यांना दिसतंय की. वाळलाय बिचारा.

डॉक्टर : मला नाही दिसत.

मास्तर : तुमचा तो काटा तरी बरोबर आहे का? मागे बघितलं होतं, रिकामा असताना अर्धा किलो दाखवत होता.

लेक : बाबा, चढा ना! अर्ध्या दिवसाची रजा आहे माझी. दोन वाजता पार्सलच्या खिडकीवर बसायचंय मला.

मास्तर : चढतो बाई, चढतो. फाशी देत नाहीयेत ना.

डॉक्टर : घट्ट धरा. हलू नका. हं... झालं. ठेवा त्याला खाली. आता एकटे... सरळ उभे राहा, मास्तर. भिंतीला हात लावू नका.

लेक : किती?

डॉक्टर : थांबा, लिहू द्या. ...पंधरा.

लेक : आणि मागच्या वेळी?

डॉक्टर : तीन महिन्यांपूर्वी तेरा.

लेक : म्हणजे वाढलं?

डॉक्टर : दोन किलो.

लेक : उपाशी राहून?

मास्तर : सूज असेल.

डॉक्टर : सूज नाही. ही चरबी. इथं बोट दाबा, ताई. फासळी लागतेय? नाही लागत. तुमचा कुत्रा आजारी नाही. तुमचा कुत्रा जेवून येतो.

लेक : कुठून?

डॉक्टर : ते तुमच्या घरचं तुम्हाला माहीत. पण जो कोणी घालतोय ना, तो जाणता माणूस आहे. केस बघा, कसे चकाकतायत. उरलंसुरलं, तेलकट, तिखट पोटात जात असतं तर अशी तुकतुकी आली नसती. कांदा गेला असता तर आत्तापर्यंत सलाइन लावायची वेळ आली असती. म्हणजे मास्तरांना ते ठाऊक आहे म्हणा. त्यांनीच फोन करून विचारलं होतं, कुत्र्याला शिजवलेला कांदा चालतो का.

लेक : कधी विचारलंत, बाबा?

मास्तर : असंच. माहिती असावी माणसाला.

लेक : बाबा, तुम्ही देताय त्याला काहीतरी.

मास्तर : मी काय देणार? माझ्याकडे असतं काय, चहा आणि सुया. गल्लीतली माणसं देतात. पोस्टमन देतो.

लेक : पोस्टमन दोन महिन्यांतून एकदा येतो, तोही सायकलवरून न उतरता पत्र फेकतो.

डॉक्टर : हे बघा, भांडू नका. औषध नाहीच याला, शिस्त आहे. सुक्या खाण्यावर थोडं कोमट पाणी घाला, वास सुटतो. पाकीट उघडं ठेवू नका, त्यानं वास उडतो. वाटी वीस मिनिटं ठेवायची. खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलायची. मध्ये एक घास नाही, एक तुकडा नाही. धडधाकट कुत्रा दोन दिवसांत वठणीवर येतो.

लेक : आणि नाही आला तर?

डॉक्टर : तर घरातलं माणूस वठणीवर येत नाहीये, असं समजायचं.

लेक : मग मी काय सांगते ते ऐका. मी याला पंधरा दिवस माझ्याकडे नेते.

मास्तर : नाही.

लेक : पंधरा दिवस फक्त.

मास्तर : नाही म्हटलं ना. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर जीव घुसमटेल त्याचा.

लेक : तुमच्या लाडानं जीव जाईल, त्यापेक्षा घुसमटलेला बरा.

मास्तर : माझं काहीही ने. कात्री ने, मशीन ने. कुत्र्याला नेऊ नकोस.

डॉक्टर : ही चिठ्ठी.

मास्तर : द्या इकडे.

डॉक्टर : ताईंकडे देतो. ताई, घरी गेल्यावर नीट वाचा. नुसती शेवटची ओळ नाही. सगळे आकडे.

लेक : का? काही वेगळं लिहिलंय का?

डॉक्टर : मी जनावरांचा डॉक्टर आहे. मला जेवढं लिहिता येतं, तेवढं लिहिलंय.

(मास्तरांचं घर. पुढच्या खोलीतच शिलाईचं दुकान : मशीन, कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले टेप. टेबलावर लेकीनं सकाळी आणून ठेवलेला जेवणाचा डबा, जमिनीवर कुत्र्याची वाटी.)

लेक : कोमट पाणी, अर्धी वाटी. नवीन पाकीट. बारा वाजून दहा मिनिटं. आता साडेबारापर्यंत कोणी काही बोलायचं नाही त्याच्याशी.

मास्तर : खडे ते खडेच. कोमट केले म्हणून काय झालं? मी त्याच्या जागी असतो तर मीही खाल्ले नसते.

लेक : बाबा.

मास्तर : गप्प बसलो.

लेक : ठिगळ्या, तिकडे. वाटी तिकडे आहे. ...हा टेबलाकडे तोंड करून का बसलाय?

मास्तर : सावली आहे तिथं.

लेक : सावली सगळ्या खोलीत आहे. हा डब्याकडे बघतोय.

मास्तर : वास येत असेल. कुत्र्याचं नाक आहे, शोभेला लावलंय का?

लेक : बघा, शेपूट हलवतोय. माझ्याकडे बघून नाही हलवलं कधी असं. बरं, तुम्ही जेवून घ्या तोवर.

मास्तर : मी नंतर जेवतो. आत्ताच चहा झालाय.

लेक : चहा सकाळी सातला झाला. मी आले होते तेव्हा.

मास्तर : तू गेल्यावर दुसरा केला.

लेक : तीन महिने मी तुम्हाला जेवताना पाहिलेलं नाही, बाबा. पहाटे पाचला उठते, सातला डबा इथं टेकवते, संध्याकाळी घरी जाताना रिकामा उचलते. आणि डबा कसा? लख्ख. आई म्हणायची, यांच्या ताटात शेवटचा घास राहतोच, त्याशिवाय यांचं जेवण झालं असं वाटतच नाही. डब्यात मात्र शीत सापडत नाही. मी कौतुकानं सांगत होते सगळ्यांना, बाबा सुधारले म्हणून.

मास्तर : सुधारलोच. म्हातारपणी येते अक्कल.

लेक : आणि कांदा?

मास्तर : काय कांदा?

लेक : जन्मभर कच्चा कांदा फोडल्याशिवाय घास घेतला नाहीत. तीन महिन्यांपूर्वी एक दिवस म्हणालात, कांदा घालू नकोस, सोसत नाही. मी बंद केला. मग म्हणालात, मीठ कमी कर. केलं. तिखट नको. बंद. मग म्हणालात, चिकन देशील तर हाडं काढून देत जा, दात हलतायत. पहाटे साडेपाचला, दिव्याखाली बसून हाडं काढते मी. एकेक बारीक हाड.

मास्तर : अगं, वय झालं की...

लेक : कांदा तुम्हाला सोसत नाही, की याला? बोला. डॉक्टरांना फोन करून विचारलंत ना? माहिती असावी म्हणून? तीन महिने मी कुत्र्याचा स्वयंपाक करतेय!

मास्तर : ओरडू नकोस. घाबरतो तो.

लेक : तो नाही घाबरत. तो बघा, डबा कधी उघडतो त्याची वाट बघतोय, रोजच्यासारखी. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं ज्यानं खाल्लं तो मजेत, आणि ज्यानं खाल्लं नाही त्याला खवखवतंय.

मास्तर : एखाद्या वेळी दिला असेल मी घास. मुकं जनावर समोर बसून तोंडाकडे बघतं.

लेक : दोन किलो, बाबा. एखाद्या घासानं दोन किलो वाढत नाही. अख्खा डबा जातोय. का? सांगा ना, का? माझ्या हातचं जात नाही तुम्हाला? इतकं वाईट करते मी?

मास्तर : हो.

लेक : काय?

मास्तर : हो म्हटलं. चव नाही तुझ्या हाताला. आईची एक टक्काही नाही आली. तोंडावर सांगवत नव्हतं. आता विचारलंस म्हणून सांगितलं. झालं समाधान? उगाच राबतेस. बंद कर तो डबा. मी माझा चहा-पाव खाईन, सुखी राहीन. आणि कुत्रा राहू दे माझ्याकडे.

लेक : नाही. डबा बंद करते, ठीक आहे. उद्यापासून नाही आणायची. पण कुत्रा नेते. आत्ता नेते. पट्टा कुठाय?

मास्तर : ऐक माझं...

लेक : नाही ऐकायचं. चव नाही ना हाताला? मग त्या हाताला कुत्रा तरी सांभाळता येतो का बघू. चिठ्ठी... ही डॉक्टरांची चिठ्ठी कुठं... हां. पर्समध्येच आहे.

मास्तर : चिठ्ठी राहू दे इथं. मला लागेल.

लेक : तुम्हाला कशाला लागेल?

मास्तर : खाण्याचं लिहिलंय ना त्यात. कोमट पाण्याचं.

लेक : कोमट पाण्याचं नाही लिहिलेलं. नुसते आकडे आहेत. हे मागचे, वर. आणि खाली आजचे.

मास्तर : दे इकडे.

लेक : थांबा. डॉक्टर म्हणाले होते, सगळे आकडे वाच.

मास्तर : अगं, दे म्हटलं ना!

लेक : मागच्या वेळी, दोघं मिळून अठ्ठ्याहत्तर. कुत्रा तेरा. आज, दोघं मिळून एकाहत्तर. कुत्रा पंधरा... बाबा, हे कसं?

मास्तर : काटाच खराब आहे त्यांचा. मी सांगत होतो.

लेक : मी रोज दोनशे पार्सलं तोलते. आधी सगळं पार्सल काट्यावर, मग रिकामं खोकं, वजा केलं की आतला माल. आत्ताचा माल दोन किलोनं वाढलाय, आणि पार्सल सात किलोनं घटलंय. म्हणजे...

मास्तर : म्हणजे काही नाही.

लेक : म्हणजे खोकं हलकं झालंय.

मास्तर : वा. बापाला खोकं म्हणालीस.

लेक : पासष्ट होतात तुम्ही. आज छप्पन्न. नऊ किलो, बाबा. तीन महिन्यांत नऊ किलो.

मास्तर : बरंच झालं की. सगळ्या जगाला वजन उतरवायचंय. पैसे भरून पळतात लोक.

लेक : उठा.

मास्तर : कशाला?

लेक : उठा म्हटलं ना. इकडे उजेडात या. शर्ट वर करा.

मास्तर : पोरीसमोर शर्ट वर करायचा का आता?

लेक : करा वर. ...पँट तर मापात बसलीय.

मास्तर : मग? हातच्या कांकणाला आरसा कशाला? नऊ किलो उतरलो असतो तर ही आत्ता पायाशी नसती? काटा खराब. मिटला विषय.

लेक : फिरा.

मास्तर : आता काय पाठ बघतेस?

लेक : फिरा बाबा. मागची शिवण बघू. ...ही टीप मशीनवरची नाही. हाताची आहे.

मास्तर : उसवली होती. घातली.

लेक : ही एक. तिच्या आत ही दुसरी. आणि ही तिसरी. तीनदा दाबलीत तुम्ही कंबर. दर महिन्याला एक. बाहेरून सुरकुती नाही. खिसा जागच्या जागी. मी रोज सकाळी समोर उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं, बाबा आहेत तसेच आहेत. एवढी कारागिरी, बाबा? माझ्यापासून?

मास्तर : टाचणी म्हणायचो तुला लहानपणी. उगाच नाही म्हणायचो.

लेक : आणि हा याचा पट्टा. हा पण तुम्हीच शिवलेला. हा उसवून सैल केलाय, नवा दोरा दिसतोय. दोन बोटं सोडलाय.

मास्तर : गळ्याला रुतत होता त्याच्या.

लेक : त्याचा गळा सोडलात आणि स्वतःची कंबर दाबलीत. आता खरं सांगा. चवीचं नका सांगू, बाबा.

मास्तर : घास उतरत नाही.

लेक : कुठं?

मास्तर : इथं. छातीच्या या हाडाच्या मागं. तोंडात चावतो, चांगला लागतो, गिळायला गेलो की इथं येऊन बसतो. पाणी प्यायलं की पाणीही परत येतं. आधी पाव अडायचा. मग भात अडायला लागला. आता दूध जातं, चहा जातो. बिस्कीट विरघळवून जातं.

लेक : दुखतं?

मास्तर : दुखत नाही. दुखलं असतं तर बोललो असतो कदाचित.

लेक : नसता बोललात.

मास्तर : नसतो.

लेक : केव्हापासून?

मास्तर : मागच्या वेळी याला इंजेक्शनला नेलं होतं ना, त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून. वाटलं, जाईल. जायचं सोडून वाढत गेलं.

लेक : आणि मला कळू दिलं नाहीत.

मास्तर : कळवून काय करायचं? झाकली मूठ.

लेक : मूठ झाकतात, बाबा. घसा नाही झाकत.

मास्तर : तुझी आई आठव. स्वतःच्या हातात पिशवी घेऊन, चालत गेली होती तपासायला. परत येताना बाजार करू म्हणाली. त्यांनी नाव सांगितलं, आणि ती परत आली ती स्ट्रेचरवर. आठवड्यात बाई निम्मी झाली. आजारानं नाही, नावानं. मग नाकात नळी. नळीतून दूध. तिनं माझा हात धरून खुणेनं सांगितलं होतं, काढ म्हणून. मी नाही काढली. मला ते नाव ऐकायचं नाही.

लेक : मलाही आईच आठवतेय. तुम्हाला नळी आठवते. मला तो डॉक्टर आठवतो, वॉर्डच्या दारात उभा असलेला. काय म्हणाला होता?

मास्तर : नको.

लेक : सहा महिने आधी आणलं असतंत तर. बाबा, ती सहा महिने आपल्यापासून लपवत होती. तुम्ही म्हणालात, मला तेव्हाच कळायला हवं होतं, मी रोज समोर होतो. वर्षभर तेच म्हणत होतात. आता तेच मी म्हणायचं? दोन वर्षांत दुसऱ्यांदा?

मास्तर : रडू नकोस.

लेक : रडेन. माझे डोळे आहेत. ...एरवी यानं तीन दिवस खाल्लं नसतं, तर तुम्हीच घाबरून मला फोन केला असतात ना? आठ दिवस झाले तर मी रजा काढून दवाखान्यात आले. कुत्र्यासाठी! आणि तुम्ही तीन महिने...

मास्तर : मी फोन केला नव्हता. ते खडे तसेच पडलेले तूच बघितलेस. मी तर रोज ते परत पाकिटात भरत होतो. एक दिवस विसरलो.

लेक : विसरलात म्हणून कळलं. देवाची कृपा म्हणायची की काय याला.

मास्तर : कुत्र्याला दोष देऊ नकोस. त्याला मीच बिघडवला.

लेक : टाकून का नाही दिलंत जेवण? कुत्र्याला घातलंत म्हणून सापडलात. उकिरड्यावर टाकलं असतंत तर मला जन्मात कळलं नसतं.

मास्तर : टाकवेल कसं? पहाटे पाचला उठतेस. चार वाजून पन्नासला तुझा गजर होतो, मला ठाऊक आहे. डबा आणतेस तेव्हा गरम असतो. हात भाजतो माझा. ते मी उकिरड्यावर टाकू? पहिला घास रोज मीच घ्यायचो. उतरो न उतरो. चावून चावून तोंडात धरायचो. मग याला. निदान घरातल्या कोणाच्या तरी अंगी लागू दे.

लेक : मघाशी म्हणालात, चव नाही हाताला.

मास्तर : खोटं बोललो.

लेक : मला लागलं ते.

मास्तर : लागावं म्हणूनच बोललो होतो. तू रागावून डबा बंद केला असतास, तर सुटलो असतो. अगं, परवाचं ते चिकन... झाकण काढलं आणि खोलीभर वास. तुझ्या आईनं कधी असं केलं नाही. हे तिला सांगू नकोस.

लेक : आता तिला कुठून सांगू?

मास्तर : तेही खरंच.

लेक : उद्या सकाळी साडेआठला येते. घशाच्या डॉक्टरकडे जायचं.

मास्तर : उद्या शनिवार आहे. दोन शर्टांची गिऱ्हाइकं यायची आहेत.

लेक : दाराला चिठ्ठी लावू.

मास्तर : नळी लावतील.

लेक : लागली तर लावतील. काढा म्हणालात तर काय करायचं ते तुम्ही आधी मला सांगून ठेवा. आईला विचारायचं राहिलं, तुम्हाला विचारते. पण आधी आत काय आहे ते बघू द्या. नुसती सूज असेल. काही लहानसं असेल. नाव ऐकल्याशिवाय कसं कळणार?

मास्तर : आणि मोठं असेल तर?

लेक : तर तीन महिनेच झालेत. सहा नाही झाले. बाबा, मला भीती वाटतेय. तुमच्यापेक्षा जास्त वाटतेय. पण मी येणार आहे. तुम्ही दार उघडणार की नाही, तेवढं सांगा.

मास्तर : कुत्र्याला नेतेस?

लेक : नाही नेत. नेऊन काय करू? तुम्हाला नेते. दार उघडणार?

मास्तर : शू. ऐक.

लेक : विषय बदलू नका.

मास्तर : अगं, ऐक ना जरा. मशीनच्या पलीकडे. कुडुमकुडुम.

लेक : ...खातोय?

मास्तर : हळू. बघू नकोस त्याच्याकडे. बघितलं की थांबेल, लाजरं आहे.

लेक : किती वाजले?

मास्तर : पाऊण वाजला. पंधरा मिनिटं वरच झाली.

लेक : अरे देवा. वीस मिनिटांनी वाटी उचलायची होती.

मास्तर : राहिली उचलायची. डॉक्टरांना सांगू नकोस.

लेक : डबा आज उघडणार नाही, हे त्याला कळलं असेल.

मास्तर : कुत्रं आहे ते. माणसापेक्षा लवकर कळतं त्याला.

लेक : संध्याकाळी येताना सूप आणते. गाळून, पातळ. ते तरी जाईल?

मास्तर : जाईल.

लेक : माझ्यासमोर प्यायचं.

मास्तर : पितो. कांदा घाल त्यात. तीन महिने झाले कांद्याचा वास नाही.

लेक : घालते. ...ती दुसरी पँट कुठाय, दवाखान्यात जायची?

मास्तर : खुंटीला. का?

लेक : ती पण दाबलीत?

मास्तर : दाबली. चारही दाबल्या.

लेक : बघू. ...आतलं जादा कापड कापून टाकलंत?

मास्तर : छे! कापून टाकतो का मी कधी? शिवणीत माया तशीच ठेवलीय सगळी. नुसती आत दुमडलीय.

लेक : कापली असती तर शिवण सपाट बसली असती. टोचली नसती.

मास्तर : टोचते थोडी. बसताना.

लेक : तरी ठेवलीत.

मास्तर : हाताची सवय. अंग भरलं तर सोडता आली पाहिजे ना.

लेक : ...

मास्तर : आता काय झालं?

लेक : काही नाही. उद्या हीच घाला.